दुसऱ्या कानापर्यंत

मी भित्रा माणूस आहे हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मी स्वतःला चौकस समजत होतो. आमच्या धंद्यात चौकसपणा लागतोच. कुणी शपथेवर शुद्ध सोनं म्हणून पुढे केलेली वस्तूही मी कसोटीच्या दगडावर घासल्याशिवाय कधी खरी मानली नाही, आणि ही खोड दुकानाबाहेरही सुटली नाही. माझी बायको सुमन म्हणते, देवाने हातावर प्रसाद ठेवला तरी हे आधी घासून बघतील.

गुलमंडीच्या मागच्या एका बोळात माझं सोनारकामाचं दुकान आहे. बसायला गादी, पुढ्यात ऐरण, डाव्या हाताला दिवा, उजव्या हाताला काचेच्या पेटीतला काटा. नवे दागिने लोक आता मोठ्या शोरूममधून घेतात. माझ्याकडे येतात ते तुटलेली साखळी जोडायला, माळेचा अडकवायचा फासा बदलायला आणि तान्ह्या बाळांचे कान टोचायला. या शेवटच्या कामात माझं थोडं नाव होतं. बाळ रडायला तोंड उघडायच्या आत त्याचा एक कान टोचून झालेला असायचा.

ज्याला हा भीतीचा आजार होतो त्याला वाटतं, जगात हा फक्त आपल्यालाच झालाय. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून हे लिहायला बसलो. औषधांची नावं लिहिणार नाही. ती डॉक्टरांनी लिहायची.

बुगडी

एका म्हातारबाईंची बुगडी जोडायला आली होती. दुपारची वेळ, बोळात कुणी नाही. फुंकणी तोंडात धरून मी दिव्याची ज्योत सांध्यावर नेली. फुंकणी म्हणजे पुढे वाकलेली पितळी नळी. तिच्यातून फुंकलं की ज्योतीचं टोक सुईसारखं होतं आणि हवं तिथे आच लागते. हे काम मी झोपेतही करीन.

अचानक डाव्या हाताची बोटं मुंग्या आल्यासारखी झाली. मग छातीवर कुणी पाट ठेवून बसल्यासारखं वाटलं. घाम फुटला. श्वास घेतोय पण आत काही जात नाही. फुंकणी हातातून पडली, आणि मला स्वच्छ दिसलं की मी आता मरणार. एवढी खात्री मला आयुष्यात दुसऱ्या कशाचीच नव्हती.

समोर रहीमभाईंचं दुकान आहे. ते पटवेकरी आहेत, मंगळसूत्रं गाठवून देतात. तीस वर्षं आम्ही समोरासमोर बसतोय. ते रेशमाची गुंडी टाकून धावत आले.

"क्या हुआ सेठ? चेहरा कायकू सफेद पड़ गया?"

मी छातीकडे बोट दाखवलं.

"बाताँ नको करो. पीछे बैठो," असं म्हणून त्यांनी मला स्कूटरवर घातलं आणि एका हाताने मला मागे धरत, एका हाताने गाडी चालवत हॉस्पिटलात नेलं. तो प्रवास आठवला की मला आता आजारापेक्षा त्या गाडी चालवण्याचीच भीती वाटते.

ईसीजी काढला. रक्त घेतलं. चार-पाच तास एका खाटेवर ठेवलं. तिथल्या नर्सबाई दर थोड्या वेळाने येऊन मनगट धरायच्या, आणि त्यांनी धरलं की मला बरं वाटायचं, सोडलं की परत धडधड. हे मी दोन-तीनदा तपासून पाहिलं. दर वेळी तसंच. मरणाऱ्या माणसाला हे सुचायला नको होतं, पण सुचलं.

शेवटी एक तरुण डॉक्टर आले आणि म्हणाले, "काका, हृदय ठणठणीत आहे. काही नाही झालं तुम्हाला."

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढा मी मेलो आणि हा म्हणतो काही नाही झालं.

चष्मा

पुढच्या दोन महिन्यांत ते पाच वेळा आलं. एकदा दुकानात, एकदा भाजी घेताना, एकदा न्हाव्याच्या खुर्चीवर गळ्याला फडकं बांधलेलं असताना. अर्धी दाढी तशीच ठेवून मी बाहेर पळालो होतो. आणि दोन वेळांच्या मधले दिवस जास्त वाईट, कारण तेव्हा मी ते येण्याची वाट बघत असायचो.

सगळ्यात वाईट वेळ खुलताबादच्या जोडप्याची. सव्वा महिन्याचं बाळ घेऊन ते आले होते. बापाचे कानही मीच टोचले होते, तो कौतुकाने सांगत होता. मी बाळाच्या कानाच्या पाळीवर कुंकवाचा ठिपका ठेवला, सोन्याची बारीक तार टोकाला धारदार केली, पाळी चिमटीत धरली, आणि माझी बोटं थरथरायला लागली. बाळाची मान केवढी, कानशील केवढं. मी तार खाली ठेवली.

"चष्मा बदलायचाय माझा," मी म्हणालो. "नीट दिसत नाही. पुढच्या महिन्यात या."

ते उठले. आईने बाळाच्या कानावरचं कुंकू पदराने पुसलं. ते पुसणं मला अजून दिसतं.

त्यानंतर मी कान टोचणं बंद केलं. फोन आले की सुमन उचलायची आणि चष्म्याचं सांगायची. एक दिवस तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "किती लोकांना चष्मा सांगू? नवा चष्मा येऊन दोन महिने झाले, तुमच्या नाकावर बसलाय तो."

"मग काय सांगू? सोनार घाबरतो म्हणून?"

"मला तरी सांगा. मी घरातलीच हाये ना?"

खरं म्हणजे मी तिलाही नीट सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं गॅसेस होतात. ती मला ओवा देत होती आणि मी तो मुकाट्याने खात होतो. त्या दिवशी सगळं सांगितलं. ती ऐकून रडली नाही, चिडली. तीन महिने फुकट ओवा खाल्ला म्हणून चिडली, असं तिने सांगितलं, पण ते खरं कारण नव्हतं. दोन दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

आणि त्याच आठवड्यात पैठणहून आमच्या मुलीचा, वैशालीचा, फोन आला. तिला चौथा महिना लागला होता. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, बाळाचे कान तुम्हीच टोचायचे. आधीच सांगून ठेवते."

आमच्यात नातवंडाचे कान आईच्या वडिलांनी टोचायचे, ते सोनारकाम करत असतील तर. माझ्या सासऱ्यांनी वैशालीचे टोचले होते. वैशालीच्या सासरीही सोनारकामच आहे, पैठणला त्यांचं दुकान आहे. म्हणजे मी नाही म्हटलं तर का नाही, हे विचारणारे सगळे जाणकार. चष्म्याची थाप त्यांच्यापुढे एक दिवस टिकली नसती. पण लोकांचं सोडा. मला ते बाळ हवं होतं, त्याचा कान माझ्या चिमटीत हवा होता. पाच-सहा महिने हातात होते.

रुमाल

हॉस्पिटलातल्या त्या तरुण डॉक्टरांनी मला ज्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं त्यांच्या पाटीवर मानसोपचार असं लिहिलं होतं. मी तोंडाला रुमाल बांधून गेलो. आपल्याकडे उन्हाळ्यात निम्मं शहर रुमाल बांधूनच फिरतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. आत गेलो तर बाकावर आणखी तिघे रुमालवाले.

बाई माझ्या वैशालीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जुने कागद पाहिले, आणि म्हणाल्या, "याला पॅनिक अटॅक म्हणतात. तुम्हाला जे होतं ते खोटं नाही. शरीर खरोखर घाबरतं. फक्त घाबरण्यासारखं समोर काही नसतं."

"समोर नाही तर मग घाबरतं कशाला?"

"तुमच्या दुकानाच्या शटरला भोंगा आहे?"

"आहे."

"मांजर गेली तरी वाजतो?"

"वाजतो."

"मग भोंगा खोटा का?"

मला ते आवडलं. मी त्यांना आणखी विचारलं की भोंगा वाजला की आधी बोटंच का बधिर होतात, घाम कपाळालाच का, पोटात खड्डा का पडतो. त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. बाहेर दोन माणसं खोळंबली होती तरी दिलं. त्या दिवशी घरी येताना मी रुमाल खिशात ठेवला. आजाराला नाव मिळालं की तो निम्मा होत नाही, लोक उगाच म्हणतात. पण त्याच्याकडे बघता तरी येतं.

त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि एक काम सांगितलं. रोज दहा मिनिटं, जिथे मन लागतं अशा जागी बसायचं. श्वास येतो तो बघायचा, जातो तो बघायचा. बस.

हेच सुमन मला महिनाभर सांगत होती, टीव्हीवर बघून. मी तिला हसलो होतो. आता घरी जाऊन मी तेच मोठ्या शोधासारखं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय का? बरं झालं. सोनारानंच कान टोचावं लागतंय."

एक कणही हलला नाही

माझं मन गादी सोडून कुठेच लागत नाही. तेव्हा रोज सकाळी दुकान उघडलं की मी शटर अर्धं ठेवायचो, गादीवर बसायचो आणि काट्याच्या पेटीकडे तोंड करून श्वास बघायचो.

तिसऱ्या दिवशी गरगरलं. पाचव्या दिवशी हातापायाला मुंग्या. आठव्या दिवशी श्वास बघता बघताच झटका आला, अगदी पहिल्यासारखा. रहीमभाई परत धावत आले. मी त्यांना हातानेच थांबवलं, कारण मला ती स्कूटर आठवली.

मी भांडायलाच गेलो डॉक्टरबाईंकडे. "बाई, तुमचा श्वास मला पचत नाही."

"माझ्यासमोर करून दाखवा," त्या म्हणाल्या.

मी ताठ बसलो, डोळे मिटले, करून दाखवलं. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी थांबवलं.

"काका, घेता तुम्ही छान. पण सोडता कुठे?"

"सोडतोच की. नाहीतर जगलो असतो का सत्तावन्न वर्षं?"

"थोडासा सोडता आणि थांबता. मग त्याच्यावरच दुसरा घेता. असं केल्यावर कुणालाही गुदमरेल. पण मला कळत नाही तुम्ही थांबता का."

"मलाही नाही कळत."

"मग शोधा. तुम्हाला हौस आहे शोधायची."

अशा डॉक्टर कमी असतात, ज्यांना कळत नाही ते कळत नाही म्हणतात. मी घरी येईपर्यंत भांडण विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी एक प्रयोग केला. पांढऱ्या कागदावर चिमूटभर सोन्याचा कीस ठेवला. कीस म्हणजे कानशीने घासताना पडतो तो चुरा, पिठापेक्षा जरासा जाड. त्याच्यावर वीतभर अंतरावरून वाकलो, कामाला वाकतो तसा, आणि दहा मिनिटं श्वास घेत बसलो. मग कागद पाहिला. एक कणही हलला नव्हता.

मला क्षणभर अभिमान वाटला. मग वडील आठवले.

माझे वडील कुणाला सोनारकाम शिकवायचे तेव्हा सगळ्यात आधी हेच शिकवायचे. हातोडी नंतर, कानस नंतर. पुढ्यात कीस ठेवायचे आणि बसवायचे. "सोन्यावर श्वास सोडायचा नाय. कण उडाला की गेला," एवढंच म्हणायचे. कण उडाला की त्या दिवशी गादीवरून उठायचं. मी दहा-बारा दिवस उठलो होतो. मग शिकलो. नाकाने घ्यायचा, धरायचा, काम करायचं, आणि मान वळवून खांद्यावरून थोडासा मागे सोडायचा. काटा लावताना तर तेवढाही नाही, पारडं हलतं. फुंकणीचंही तसंच, गालात हवा भरून गालाने ढकलायची, पोटातली बाहेर येऊ द्यायची नाही. चाळीस वर्षं मी श्वास उघड घेत होतो आणि चोरून सोडत होतो. आणि आता बरं व्हायला म्हणून मी रोज सकाळी नेमका त्याच जागी जाऊन बसत होतो जिथे सोडायला बंदी होती.

आमच्या बोळातले सगळेच सोनार असं करतात. त्यांना सगळ्यांना हा आजार नाही, म्हणजे आजाराचं कारण हे नव्हे. डॉक्टरबाईंनी मला ते नीट बजावलं. भीतीची कारणं दुसरी होती, त्यातली काही मी त्यांना सांगितली, काही इथे सांगणार नाही. पण औषध लागू न पडण्याचं कारण मात्र हेच होतं आणि ते मी शोधलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी समोर जाऊन रहीमभाईंना सगळं सांगितलं. ते रेशीम ओवता ओवता हसले. "हमारे मणी उड़ते नहीं सेठ. इसलिए हम खुल्ला साँस लेते."

लसणाची सालं

सुमन म्हणाली, "मग बसता कशाला तिथं? स्वयंपाकघरात या."

तिने एका ताटात लसूण सोलून ठेवला, पाकळ्या आणि सालं एकत्र. "फुका. सालं ताटाबाहेर गेली पायजेत, पाकळ्या नाय."

मी फुंकलं, गालाने, फुंकणीसारखं. सालं उडून तिच्या केसात गेली. ती म्हणाली, हळू. मग मी पोटातून सावकाश सोडला. सालं ताटात सरकायला लागली. सोडत राहिलो तर ती काठापर्यंत जायची, आणि अजून सोडला तर काठावरून खाली. मला आश्चर्य वाटलं ते याचं की संपलाय असं वाटल्यावरही आत बराच उरलेला असतो. एवढा श्वास मी बाळगून होतो आणि मला पत्ताच नव्हता.

महिनाभर आमच्याकडे सगळ्या भाज्यांत लसूण होता. नंतर सालांची गरज पडेना. स्वयंपाकघरात पाटावर बसायचं, पोटावर हात ठेवायचा आणि हवा बाहेर जाताना तिच्यामागे जायचं, शेवटपर्यंत. आत घेण्याचं काही करावं लागत नाही, ते आपोआप होतं.

श्वासाने भीती जाते असं मी म्हणणार नाही. मी घासून पाहिलंय, जात नाही. पण श्वास सोडत असताना माणूस तिच्याकडे बघू शकतो, आणि मला बघायला आवडतं. ती कुठून सुरू होते? माझी डाव्या तळहातातून, करंगळीच्या बाजूने. मग कोपर, मग गळा, मग छाती. चढताना भराभर, उतरताना सावकाश. हे मी एका वहीत लिहून ठेवायला लागलो. डॉक्टरबाईंनी वही वाचायला मागितली तेव्हा मी नवी पोथी लिहिल्यासारखा फुगलो.

चितेगाव ते बिडकीन

सातव्या महिन्यात वैशालीला बाळंतपणासाठी आणायला मी एसटीने पैठणला निघालो. जावई सोडायला येणार होते, पण मीच हट्ट धरला. भरल्या गाडीत ते आलं तर काय होतं, मला बघायचं होतं.

चितेगाव मागे पडलं आणि तळहातात मुंग्या सुरू झाल्या. गाडी भरलेली, मी खिडकीत, उठायला जागा नाही. मी घड्याळ पाहिलं. मग श्वास सोडायला लागलो. गळ्याशी आलं. सोडतोय. छातीवर पाट आला. सोडतोय. शेजारी एक बाई होत्या, मांडीवर पालेभाजीचं गाठोडं. त्या वळून म्हणाल्या, "मळमळतंय का हो? लिंबू देऊ?"

"द्या," मी म्हणालो.

लिंबाचा उपयोग मळमळीला होतो, मरणाला नाही. पण कुणी देतंय ते घ्यावं, हेही मी त्या महिन्यांत शिकलो होतो. लिंबू नाकाशी धरलं, सोडत राहिलो, आणि बघत राहिलो की आता काय होतं. काय होतं, तर काही होत नाही. भीती वर येते, वर येऊन तिथे तिला करायला काही नसतं. बिडकीनच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. मी आधी पळून जायचो, त्यामुळे हे अकराच मिनिटांचं काम आहे हे मला माहीतच नव्हतं.

डावा आणि उजवा

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं आणि कान टोचणं दोन्ही आमच्याच घरी ठरलं. पैठणहून मंडळी आली. जावई, त्यांचे थोरले भाऊ आणि विहीणबाई. विहीणबाईंना मी मनातून वचकून असतो. व्याही गेल्यापासून वीस वर्षं त्या स्वतः गादीवर बसतात, मुलाच्या बरोबरीने काम करतात आणि दुसऱ्याच्या कामातली खोट लांबून ओळखतात.

त्या आठवड्यात मी आधी दोन बाळांचे कान टोचले होते, खुलताबादच्या त्या जोडप्याला निरोप धाडून त्यांच्या बाळाचेही. हात बसला होता. तरी डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, भोंगा कधीही वाजेल, तो वाजणार नाही अशी पैज लावू नका.

वैशाली पाटावर बसली, बाळ मांडीवर. मुलगी, म्हणून आधी डावा कान. कुंकवाचा ठिपका, चिमटी, श्वास सोडला, तार आरपार. बाळ थांबलं, विचार केला आणि रडायला लागलं. मी तारेला पीळ घातला, हळद-तेलाचं बोट लावलं. सगळे हसले.

मग मी उजव्या बाजूला आलो. बाळ आता जोराने रडत होतं, मान हलवत होतं, वैशालीचेही डोळे भरले होते. मी पाळी धरली आणि डाव्या तळहातातून ते निघालं. या वेळी कोपरापाशी थांबलंच नाही, थेट गळ्यात. मी पाळी सोडली.

एक कान झालेला, एक बाकी. सगळ्या नजरा माझ्यावर. जावयांचे थोरले भाऊ पुढे सरकले. "आणा मामा, दुसरा मी करतो. तुम्हाला घाम आलाय."

किती सोपं होतं. तार त्यांच्या हातात द्यायची, चष्मा म्हणायचं, बाहेर जाऊन बसायचं. कुणी वाईट मानलं नसतं. सुमन दारात उभी होती. तिने काही खूण केली नाही.

"मला भीती वाटतेय," मी म्हणालो. इतक्या लोकांत मी हे पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. "हा माझा आजार आहे, आठ-नऊ महिन्यांपासून. मी औषध घेतो. दहा-अकरा मिनिटं लागतील. मी करणार आहे, पण थांबावं लागेल."

मी विहीणबाईंकडे बघायचं टाळत होतो, म्हणून त्याच बोलल्या.

"मग बसा की. पोरगी काय पळून चाललीय का कुठं?" आणि मुलाला म्हणाल्या, "तू माघारी हो. वैशाली, पाज तिला."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. पोटावर हात ठेवला. सगळ्यांसमोर मी मोठमोठ्याने श्वास सोडत होतो आणि लाज वाटत होती, तीही बघत होतो. कुणीतरी पंखा वाढवला. चहा आला, लोक चहा प्यायला लागले, हळूहळू आपापसात बोलायला लागले. जावयांनी माझ्यासाठी कप बाजूला झाकून ठेवला. मी आत कुठे काय चाललंय ते बघत राहिलो. गळा, कोपर, तळहात, करंगळी. मग करंगळीतूनही गेलं.

मी उठलो. बाळ पिऊन सुस्त झालं होतं. चिमटी, श्वास सोडला, अगदी शेवटपर्यंत, आणि त्या शेवटाला हात इतका स्थिर असतो हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तार आरपार गेली. पीळ घातला. वैशाली माझ्या हातावर कपाळ टेकवून रडली आणि मीही रडलो.

संध्याकाळी मंडळी निघाली. सुमन ओट्या भरत होती. विहीणबाई चपला घालायच्या निमित्ताने ओसरीवर माझ्याजवळ आल्या आणि आत कुणी ऐकत नाही ना हे पाहून म्हणाल्या, "अकरा मिनिटं म्हणालात तुम्ही. माझं लई वेळ चालतंय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"हे गेल्यापासून. गादीवर बसले की छातीत धरतंय. पोरांला वाटतं आईला दम्याचं हाये. मीच तसं सांगितलंय." त्या खाली बघून चपलेचा पट्टा सारखा करत होत्या. "मला वाटायचं, मला एकटीलाच."

दारात जीप उभी होती. जावई हॉर्न वाजवत होते.

"माझ्या डॉक्टरबाई मंगळवारी बसतात," मी म्हणालो. "सकाळच्या एसटीने या. मी स्टँडवर घ्यायला येतो. रुमाल आणू नका, तिथे सगळे आपलेच आहेत."